गरी टाकण्याआधी : न्यू जर्सीतील मासेमारीचा परवाना आणि त्यामागचे विज्ञान

गेल्या मे महिन्यात बाबा गुहागरहून पार्सिपनीला आले. सामान उघडले तेव्हा आंबावडी, मेतकूट आणि कुळथाच्या पिठाखाली एका जुन्या डब्यात गुंडाळून ठेवलेल्या चार गऱ्या निघाल्या. बाबांचे वय ७२. खाडीकाठी बसून मासे गरवणे हा त्यांचा लहानपणापासूनचा छंद. पहिल्याच शनिवारी आम्ही रॉकअवे नदीच्या काठी गेलो. माझ्याकडे परवाना होता. बाबांसाठी मी काढला नव्हता, कारण "सत्तरीच्या पुढे परवाना लागत नाही" हे वाक्य कुठेतरी वाचून मी निश्चिंत होतो.

तासाभराने गणवेशातल्या एका अधिकाऱ्याने येऊन परवाने मागितले. माझे वाक्य मी आत्मविश्वासाने ऐकवले. त्यांनी शांतपणे विचारले, "हे न्यू जर्सीचे रहिवासी आहेत का?" उत्तर अर्थातच 'नाही' होते. सूट रहिवाशांना आहे, पाहुण्यांना नाही. दंड झाला नाही, समज मिळाली. बाबांनी मुकाट्याने दोरी गुंडाळली. परतताना गाडीत त्यांनी एवढेच विचारले, "नदीला कसला रे पास? मासे काय सरकारने सोडलेत?"

गंमत अशी की त्या नदीत मासे खरोखरच सरकारने सोडलेले होते! बाबांच्या प्रश्नाचे नीट उत्तर देता यावे म्हणून मी नियम वाचायला बसलो आणि नियमांच्या मागे जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि थोडे अर्थशास्त्रही सापडले. आपल्यापैकी अनेकांकडे उन्हाळ्यात आई-बाबा येतात, मुले तळ्यावर जायचा हट्ट धरतात. त्या सगळ्यांसाठी हा लेख.

परवाना कोणाला लागतो?

न्यू जर्सीत गोड्या पाण्यात गळ, हातदोरी किंवा धनुष्यबाणाने मासे पकडायचे असतील तर १६ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो. नदी, सरकारी तलाव, काउंटी पार्कमधले तळे, सगळीकडे हाच नियम. एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते : खासगी तळ्यावरही परवाना लागतो. लेक पार्सिपनीसारख्या वस्तीच्या तळ्याचे सभासद असलात तर तुम्हाला काठावर बसण्याचा हक्क मिळतो, मासा पकडण्याची राज्याची परवानगी नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पकडलेला मासा परत सोडणार असलात तरी परवाना हवा, कारण नियम पकडण्याच्या प्रयत्नाला आहे, खाण्याला नाही.

परवाना कॅलेंडर वर्षापुरता, म्हणजे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असतो. नोव्हेंबरमध्ये काढलेला वार्षिक परवाना दीड-दोन महिन्यांतच संपतो. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये येऊन मार्चमध्ये परतणाऱ्या पाहुण्यांना दोन्ही वर्षांत मासे धरायचे असतील तर दोन परवाने लागतील.

किती पैसे?

२०२४ च्या दरपत्रकाप्रमाणे मुख्य दर असे होते. विधिमंडळ हे दर बदलू शकते, म्हणून पैसे भरताना राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ विभागाच्या संकेतस्थळावरचा चालू आकडा पाहावा.

- रहिवासी, वय १६ ते ६४ : २२.५० डॉलर
- रहिवासी, वय ६५ ते ६९ : १२.५० डॉलर
- रहिवाशांसाठी ट्राउट स्टँप : १०.५० डॉलर
- बाहेरचे, वार्षिक : ३४ डॉलर
- बाहेरचे, सात दिवसांचा : १९.५० डॉलर
- बाहेरचे, दोन दिवसांचा : ९ डॉलर
- बाहेरच्यांसाठी ट्राउट स्टँप : २० डॉलर

ट्राउट जातीचे मासे धरायचे असतील तर परवान्याच्या जोडीला हा वेगळा स्टँप लागतो. तो का, हे पुढे येईलच.

'रहिवासी' म्हणजे कोण? मासेमारीपुरता अर्थ असा : अर्ज करण्याच्या आधी लागोपाठ किमान सहा महिने न्यू जर्सीत वास्तव्य असलेली व्यक्ती. इथे नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही. एच-१बी व्हिसावर दोन वर्षे पार्सिपनीत राहणारा इंजिनिअर रहिवासी ठरतो, आणि मागच्या महिन्यात टेक्सासहून बदली होऊन आलेला अमेरिकन नागरिक ठरत नाही.

परवाना ऑनलाइन काढता येतो किंवा क्रीडासाहित्याच्या अधिकृत दुकानात. अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात म्हणून दचकू नका. मुलांच्या पोटगीची थकबाकी वसूल करता यावी यासाठी १९९६ च्या संघीय कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्तीने राज्यांना छंदाच्या परवान्यांसाठीही हा क्रमांक नोंदवायला लावले. मासे आणि पोटगी यांची सांगड अशी बसली आहे! बाबांकडे हा क्रमांक नव्हता. आम्ही पासपोर्ट घेऊन दुकानात गेलो आणि परदेशी पाहुणे म्हणून त्यांचा वार्षिक परवाना काढला.

सूट कोणाला?

- १६ वर्षांखालील मुले : राज्यातली असोत वा बाहेरची. मात्र मुलाच्या नावाने गळ तुम्हीच हातात धरून बसलात, तर मासे तुम्हीच धरता आहात हे लक्षात ठेवा.
- ७० वर्षे आणि पुढचे रहिवासी : त्यांना परवानाही नको आणि ट्राउट स्टँपही नको, वयाचा पुरावा जवळ असला की झाले. ग्रीन कार्डावर तुमच्याकडेच राहणाऱ्या आजीला ही सूट आहे, व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आजीला नाही. आमची चूक नेमकी इथे झाली.
- दृष्टिहीन रहिवासी, अपंगत्व आलेले माजी सैनिक आणि राज्याच्या नॅशनल गार्डमधील जवान : यांना परवाना विनामूल्य मिळतो. पण तो काढावा लागतो.
- शेतावर राहणारा शेतमालक किंवा खंडकरी आणि त्याच्याबरोबर तिथेच राहणारे कुटुंब : स्वतःच्या शेतातल्या पाण्यापुरती सूट.

याशिवाय वर्षातून दोन दिवस, जूनमधला एक शनिवार आणि ऑक्टोबरमधला एक शनिवार, सगळ्यांनाच मोकळीक असते. त्या दिवशी परवाना आणि स्टँप दोन्ही लागत नाहीत आणि पाहुण्यांनाही चालते. मापाचे आणि संख्येचे नियम मात्र त्या दिवशीही तसेच राहतात. छंद आवडतो का हे पाहायचे असेल तर यासारखा मुहूर्त नाही.

एका घरचा हिशोब करून पाहू. पती ४४, पत्नी ४१, मुलगी १४ आणि कायम इथेच राहणारी ७२ वर्षांची आजी. दोघांचे परवाने ४५ डॉलर, दोन ट्राउट स्टँप २१ डॉलर, मुलगी आणि आजी फुकट. एकूण ६६ डॉलर. आजीऐवजी दोन महिन्यांसाठी आलेले ७२ वर्षांचे आजोबा असतील आणि त्यांनाही ट्राउट धरायचा असेल, तर ३४ आणि २० असे ५४ डॉलर आणखी.

समुद्रावर वेगळे गणित

किनाऱ्यावर किंवा खाडीत मासे धरायला न्यू जर्सीत परवाना नाही, पण १६ वर्षांवरील प्रत्येकाने दरवर्षी विनामूल्य नोंदणी करायची असते. २०११ पासून ही नोंदणी सुरू आहे. भाड्याच्या परवानाधारक बोटीवर प्रवासी म्हणून गेलात तर तीही लागत नाही.

फुकट आहे तर नोंदणी कशाला? मोजणीसाठी. व्यावसायिक बोटींचा माल बंदरात तोलला जातो, पण लाखो हौशी लोकांनी किती मासे नेले हे कोणीच तोलत नाही. नोंदणीत पत्ते असले की त्यातून नमुना निवडून लोकांना विचारता येते : गेल्या दोन महिन्यांत किती वेळा गेलात? त्यावरून एकूण अंदाज बांधला जातो. निवडणुकीच्या जनमत चाचणीचेच हे शास्त्र. यादी अपुरी असेल तर अंदाज चुकतो, आणि अंदाज चुकला की पुढच्या वर्षीची मर्यादाही चुकते.

आता चिंबोऱ्यांकडे वळू, कारण निम्मी मंडळी त्यासाठीच किनाऱ्यावर जातात. साध्या हातदोरीने खेकडे धरायला परवाना लागत नाही. पाण्यात ठेवून द्यायचे पिंजरे वापरायचे तर वेगळा परवाना घ्यावा लागतो. दिवसाला माणशी एक बुशेल, म्हणजे सुमारे ३५ लिटरची टोपली, ही मर्यादा. पोटाखाली अंड्यांचा पुंजका असलेली मादी लगेच सोडायची. तिसऱ्या म्हणजे क्लॅम काढायलाही स्वतंत्र परवाना आहे.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर : मासे कोणी सोडले?

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. १० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २५ अंशांना जेमतेम ८.३. त्याच वेळी उबेमुळे माशाच्या शरीरातल्या क्रियांचा वेग वाढतो, म्हणजे गरज वाढते. मागणी वर आणि पुरवठा खाली. २० अंशांच्या पुढे ट्राउट त्रासू लागतो. उत्तर जर्सीतले अनेक ओढे जुलै-ऑगस्टमध्ये ही रेषा ओलांडतात. रस्ते, पार्किंग आणि छपरांवरून तापून येणारे पावसाचे पाणी त्यात भर घालते.

म्हणून अशा बहुतेक पाण्यांत ट्राउट आपली संख्या स्वतः टिकवू शकत नाही. वॉरन काउंटीतल्या पिक्वेस्ट येथील राज्याच्या मत्स्यबीज केंद्रात भूगर्भातले थंड पाणी वापरून वर्षाला सुमारे ६ लाख ट्राउट वाढवले जातात आणि वसंतात टँकरने नद्या-तळ्यांत सोडले जातात. रॉकअवे नदी आणि मॉरिसटाऊनचे स्पीडवेल तळे ही आपल्या जवळची ठिकाणे. २०१३ मध्ये या केंद्रात फुरुन्क्युलोसिस हा जिवाणूजन्य रोग शिरला. त्यानंतर केंद्राने ब्राउन आणि ब्रुक या नाजूक जाती थांबवून रोगाला अधिक तोंड देणाऱ्या रेनबो ट्राउटवर भर दिला. हॅकेट्सटाऊनचे दुसरे, शंभर वर्षांहून जुने केंद्र कोमट पाण्यातले मासे वाढवते. एवढे सगळे ट्राउट धरणाऱ्यांसाठी होते, म्हणून त्यांनी स्टँपचे पैसे द्यायचे. बाबांना हे पटले : "म्हणजे हे पाळलेले मासे. मग पैसे घेतात ते बरोबर."

परवान्याचे पैसे राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळत नाहीत. ते शिकारी आणि मासेमारांसाठी राखलेल्या स्वतंत्र निधीत जातात. त्यावर केंद्राची जोड आहे. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने गळ, काठ्या, रिळे अशा साहित्यावर उत्पादकाकडून कर घेतला जातो, सामान्यतः १० टक्के. ती रक्कम राज्यांत वाटताना ६० टक्के वजन परवानाधारकांच्या संख्येला आणि ४० टक्के वजन राज्याच्या जमीन-पाण्याच्या क्षेत्रफळाला दिले जाते. राज्याने परवान्याचे पैसे दुसरीकडे वळवले तर हा निधी बंद होऊ शकतो. थोडक्यात, बाबांचे ३४ डॉलर हे ३४ वर थांबत नाहीत. एक परवाना वाढला की वाटपाच्या यादीत न्यू जर्सीचा एक माणूस वाढतो.

माप, मोसम आणि वलगण

लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ बास हे आपल्या तळ्यांतले आवडते मासे. १५ एप्रिल ते १५ जून या काळात ते धरले तर लगेच सोडावे लागतात. एरवी किमान १२ इंच लांबी आणि दिवसाला पाच. वसंतातली बंदी का? बासचा नर काठाजवळ उथळ पाण्यात शेपटीने खळगा करतो, मादी त्यात अंडी घालून निघून जाते आणि पुढची राखण नर करतो. तो गळाला लागून काही मिनिटे जरी दूर झाला तरी टपून बसलेले ब्लूगिल अंड्यांवर तुटून पडतात. म्हणून बास लागला तर तो ज्या जागी मिळाला तिथेच, लवकर सोडावा.

हे वाचून बाबांना वलगण आठवली. कोकणात पहिल्या जोरदार पावसात ओढ्यांना पाणी चढते, अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर येतात आणि गावेच्या गावे ते धरायला धावतात. चवीला उत्तम, पण त्या एका माशाबरोबर हजारो अंडी कढईत जातात. महाराष्ट्रात जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते, तिच्यामागे हेच तत्त्व आहे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होड्या लोटायच्या, ही जुनी रीतही मासळीला तेवढी उसंत देत असे. हौशी गळाची शिस्तही आपल्याकडे नवी नाही. पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन कित्येक दशके सभासदांना गळ टाकू देते आहे, आणि लोणावळ्यात टाटांच्या केंद्राने १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्ले वाढवून नद्या-तलावांत सोडली आहेत.

समुद्रातल्या स्ट्राइप्ड बासला तर दोन्ही टोकांची मर्यादा आहे. २०२४ मध्ये २८ इंचांपेक्षा लहान नको आणि ३१ किंवा त्याहून मोठाही नको, दिवसाला फक्त एक. मोठा मासा का सोडायचा? कारण लांबी थोडी वाढली तरी शरीराचे आकारमान बरेच वाढते आणि त्याबरोबर अंड्यांची संख्याही. मोठी मादी म्हणजे पुढच्या पिढीची ठेव आहे. हे आकडे दरवर्षी बदलू शकतात, निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत.

एक मासा मात्र कधीच परत सोडायचा नाही : नॉर्दर्न स्नेकहेड. आपल्या मरळीचा हा सख्खा चुलतभाऊ. तो हवेतून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे कमी प्राणवायूच्या डबक्यातही तगतो आणि स्थानिक मासे फस्त करतो. २००२ मध्ये मेरीलँडमधल्या क्रॉफ्टनच्या तळ्यात तो सापडल्यावर देशभर खळबळ उडाली. त्याच वर्षी जिवंत स्नेकहेडची आयात आणि राज्याराज्यांतली वाहतूक संघीय नियमाने बंद झाली. डेलावेअर नदीच्या खोऱ्यात तो न्यू जर्सीतही आहे. मिळालाच तर मारून विभागाला कळवावे.

धरले, पण खायचे का?

हा भाग कृपया वगळू नका. परवाना तुम्हाला मासा धरू देतो, तो खाण्याजोगा असल्याची हमी देत नाही.

कोळशाच्या धुरातला पारा पावसाबरोबर तळ्यात उतरतो. गाळातले जिवाणू त्याचे मिथाइल मर्क्युरीत रूपांतर करतात. ते शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, लहानातून मोठ्या बासमध्ये जाते आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते. पारा स्नायूत, म्हणजे आपण खातो त्या तुकडीतच बसतो. कातडी काढून किंवा तळून तो जात नाही. गर्भातल्या बाळाच्या मेंदूला त्याचा सर्वाधिक धोका. म्हणून राज्य पाण्यानुसार आणि माशानुसार किती वेळा खावे याचा सल्ला छापते, आणि गरोदर स्त्रिया व लहान मुलांसाठी वेगळी, कडक मर्यादा देते.

दुसरा धोका नेवार्कचा. पार्सिपनीच्या कडेने वाहणाऱ्या व्हिपनी आणि रॉकअवे या नद्या एकत्र येऊन पसेइकला मिळतात, आणि पसेइक नेवार्कच्या उपसागरात उतरते. त्या टोकाला नेवार्कमध्ये डायमंड अल्कलीच्या कारखान्यात एजंट ऑरेंजमधले एक तणनाशक बनत असे. त्यातून डायऑक्सिन हे अतिविषारी द्रव्य नदीच्या गाळात गेले. १९८३ मध्ये ते उघडकीस आले आणि पुढच्या वर्षी ती जागा संघीय सफाईच्या यादीत गेली. आजही नेवार्क बे आणि त्याला जोडलेल्या भरतीच्या पाण्यातले निळे खेकडे धरण्यावरच बंदी आहे. कोणी स्वस्तात तिथले खेकडे देऊ केले तरी घेऊ नका.

डायऑक्सिन चरबीत साठते. खेकड्यात त्याचे कोठार म्हणजे कवचाखालचा हिरवट-पिवळा मऊ भाग, जो यकृताचे काम करतो. मोकळ्या ठिकाणचे खेकडेही शिजवताना तो भाग काढून टाकावा आणि उकळलेले पाणी ओतून द्यावे, असे राज्य सांगते. आपण नेमके उलटे करतो : तो भाग रश्शात कालवतो आणि आख्ख्या कुर्ल्या वाटणात उकळतो. तेव्हा आधी साफ करा, वेगळ्या पाण्यात उकळून ते पाणी टाका आणि मग रस्सा करा. चव थोडी कमी होईल, पण नातवंडांनाही वाढता येईल.

निघण्यापूर्वी

चार प्रश्न स्वतःला विचारा. पाणी गोडे की खारे? बरोबरच्या प्रत्येकाचे वय काय आणि तो रहिवासी आहे का? ज्या माशामागे आहोत त्याचा मोसम, माप आणि संख्या काय? आणि या पाण्यातला हा मासा खाण्याबद्दल राज्याचा सल्ला काय? डेलावेअर नदीवर जाणार असाल तर न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनिया, कोणत्याही एका राज्याचा परवाना नदीच्या पात्रात चालतो. परवाना जवळ असू द्या आणि मोजपट्टी विसरू नका.

परवाना मिळाल्यावर बाबा सप्टेंबरपर्यंत दर शनिवारी नदीवर आले. त्यांना एकूण एकच बास मिळाला, अकरा इंचांचा. त्यांनी तो स्वतः मोजला, हात ओला करून अलगद धरला आणि पाण्यात सोडला. ओला हात कशासाठी, असे माझ्या मुलीने विचारले तेव्हा ते म्हणाले, "कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो, मग त्याला रोग होतो." हे कुठल्याही माहितीपत्रकात त्यांनी वाचले नव्हते. गुहागरच्या खाडीवर त्यांच्या आजोबांनी सांगितले होते.